आमच्या पेशंटचा अभ्यास आमच्या दवाखान्यात होऊ द्या: एक खुलं पत्र

प्रति,
वैद्यकीय शिक्षण आणि आरोग्य संशोधनाची धोरणं ठरवणारे सर्व मान्यवर
(राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग)

सप्रेम नमस्कार,

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दवाखाना चालवते. एमबीबीएस झाले, लग्न होऊन इकडे आले, सासऱ्यांचा दवाखाना होता तोच पुढे चालू ठेवला. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाकडं, केसपेपरची दोन लोखंडी कपाटं आणि सासऱ्यांच्या काळापासून नंबर लावणाऱ्या आमच्या मावशी. हे पत्र आधी दोनदा लिहून पुसलं कारण रागात लिहिलं होतं. आता शांतपणे लिहितेय, पण गप्प बसणं काही जमत नाहीये.

गेल्या महिन्यात मला एका संस्थेकडून दोन ओळींचं उत्तर आलं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका संस्थेचा नाहीच. उत्तर असं होतं की आपण कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न नसल्यामुळे आपल्या संशोधन प्रस्तावाचा विचार करता येणार नाही. बास. प्रस्ताव चांगला की वाईट, त्यात काय चुकलं, काय सुधारायचं, काहीच नाही. तो वाचला तरी का हेही कळत नाही.

प्रस्ताव कशाचा होता ते सांगते, म्हणजे मी इतकी का अस्वस्थ आहे ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि लोक गावाकडे परत आले, तेव्हा एक ऊसतोड कामगार त्याच्या बायकोला घेऊन दवाखान्यात आला. तिचं वय चाळीसच्या आतबाहेर. उजवा हात लुळा, तोंड जरा वाकडं, बोलणं अडखळत. तिकडे फडातच लकवा मारला होता. बीपीची माझीच जुनी पेशंट. दिवाळीच्या आधी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाताना तिला मी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि संपल्या की तिकडच्या कुठल्याही मेडिकलमधून घ्या म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याने पिशवीतून कॅरीबॅगेत गुंडाळलेली एक स्ट्रिप काढली आणि टेबलावर ठेवली. उरलेली प्रत्येक गोळी ब्लेडने अर्धी केलेली, आणि त्या अर्ध्या तुकड्यांना परत तीच चांदी दाबून बसवलेली. म्हणाला, "मॅडम, पुरवून पुरवून खाल्ल्या तिनं, तिकडं मेडिकल आठ किलोमीटरवर, आन् एक दिस खाडा झाला की मुकादम पैशे कापतो."

ती स्ट्रिप मी ठेवून घेतलीय, अजून ड्रॉवरमध्ये आहे.

त्या दिवसापासून मी कोयत्याला जाणाऱ्या बीपी आणि शुगरच्या पेशंटसाठी जे सुचेल ते करतेय. कुणाला सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देते, कुणाला वही देते आणि रोज गोळी घेतली की रेघ मारायला सांगते, लिहिता येत नसेल तर लेकराकडून मारून घ्या म्हणते. मावशी काही जणांना पंधरा दिवसांनी फोन करतात. कारखान्याजवळच्या एखाद्या मेडिकलवाल्याचा नंबर मिळाला तर तो केसपेपरवर लिहून ठेवते. करते सगळंच, पण यातल्या कशाने खरंच फरक पडतो ते मला माहीत नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर झोपडीतल्या उन्हात त्या टिकतात का, का घरातल्या दुसऱ्याच कुणाचं डोकं दुखलं की त्याला दिल्या जातात? फोनने फायदा होतो का, का नुसतं बरं वाटतं? म्हणून आम्ही तालुक्यातल्या पाच डॉक्टरांनी मिळून ठरवलं की एका सीझनला हे नीट नोंदवून करायचं, जाताना बीपी मोजायचं, आल्यावर मोजायचं, कुणाला काय दिलं होतं ते लिहायचं, आणि त्यातून जे निघेल ते सगळ्यांना सांगायचं. एवढाच प्रस्ताव. यात नवीन औषध नाही, सुई नाही, कुणाला धोका नाही.

आणि याला उत्तर काय तर, तुम्ही संलग्न नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की आमचे पेशंट ज्या अभ्यासांवरून बरे करायचे ते अभ्यास आमच्या पेशंटवर झालेलेच नसतात. १९६१ साली केर व्हाइट या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला होता, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकड्यांवरून. एक हजार मोठी माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होतात. आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त एक. २००१ मध्ये अमेरिकेत हा हिशोब परत केला गेला, चित्र जवळपास तेच निघालं. म्हणजे आपली पुस्तकं, आपले प्रोटोकॉल, आपले थीसिस सगळे त्या एका माणसाभोवती, आणि उरलेले २४९ जण माझ्या बाकड्यावर. त्या एकाची काळजी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये हो, पण बाकीच्यांवर अभ्यास कोण करणार? मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत येणारा छातीत दुखणारा पेशंट आणि माझ्याकडे संध्याकाळी सात वाजता "मॅडम, घाबरल्यासारखं होतंय" म्हणत येणारी बाई, दोघांना एकच पुस्तक लावून चालत नाही. तिच्यात हार्ट अटॅकची शक्यता कितपत, ॲसिडिटी किती, आणि घरात रात्री काय झालं होतं ते किती, हे मला अनुभवाने अंदाजे कळतं, पण माझ्यानंतर इथे येणाऱ्या पोरीला ते कुठे वाचायला मिळणार?

दुसरी तक्रार, आमच्याकडे जे दिसतं ते कुठेच नोंदवलं जात नाही, आणि त्याची किंमत आमच्या बायकांनी मोजलीय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या देशभर आल्या, सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, सर्व्हे झाला. चांगलं झालं. पण आम्हा फॅमिली डॉक्टरांना हे त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून दिसत होतं. पस्तिशीची बाई कंबर दुखतेय, अंगावर पांढरं जातंय, घाम येतो, झोप नाही म्हणून यायची आणि विचारलं की सांगायची, पिशवी काढलीय. महिन्यातून कितीदा ऐकायचे मी हे. पण माझ्याकडे ते सुट्टं सुट्टं होतं, शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे सुट्टं सुट्टं होतं, आणि ते एकत्र करायची सोयच नव्हती. वीस दवाखान्यांनी जरी साध्या वहीत ठेवलं असतं आणि ती वही कुणीतरी वर्षातून एकदा वाचली असती तरी हा प्रकार पेपरात येण्याच्या आधी समोर आला असता. याची टोचणी मला आजही आहे.

आणि अशी नोंद होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने डॉ. संदीप साळवी यांच्या पुढाकाराने हे करून दाखवलंय. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० गावा-शहरांतल्या साधारण ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या पेशंटची नोंद केली. २,०४,९१२ पेशंट! २०१५ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. निम्म्याहून जास्त पेशंटना खोकला, दम, सर्दी असे श्वासाचे त्रास, तिघातल्या एकाहून जास्त जणांना ताप. देशातले लोक डॉक्टरकडे नेमकं कशासाठी जातात हे इतक्या मोठ्या प्रमाणावर कळायला २०११ साल उजाडावं लागलं, आणि ते कळलं साध्या प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांमुळे. मग ते दरवर्षी का होत नाही, दर जिल्ह्यात का होत नाही? त्यासाठी नवीन काही शोधायचीही गरज नाही, पेशंट रोगाचं नाव घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो, हे धरून बनवलेली आयसीपीसी नावाची वर्गवारी १९८७ पासून आहे. "अंगात कणकण", "थकवा" यालासुद्धा तिच्यात जागा आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. २०१७ मध्ये ६७ देशांचा आढावा आला होता, डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपण साधारण दोन मिनिटांवर. मी हे वाचून दुसऱ्या दिवशी घड्याळ समोर ठेवून बसले आणि दुपारपर्यंत मला फार वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटून काय होणार, मला हे हवंय की कुणीतरी अभ्यास करून सांगावं की इतक्या गर्दीत कुठल्या पेशंटला जास्त वेळ द्यायचाच आणि बीपी मोजणं, पथ्य सांगणं, गोळ्या समजावणं यातलं काय मावशी किंवा आशाताई तितक्याच चांगल्या करू शकतात.

चौथी, आणि ही मला फार लागते: संशोधन म्हणजे मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल असं आपण धरूनच बसलोय, तेही या महाराष्ट्रात. अहो, आपल्याइतकी उलटी उदाहरणं कुणाकडे आहेत? डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, कोकणात लाल विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत जायची, पोरं जायची. ते पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसले, बीपी-नाडी लिहून काढली, प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून बघितलं आणि १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज विंचू चावला की आम्ही हेच औषध देतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना अंगावर काढलेलं काही ना काही स्त्रीरोगाचं दुखणं निघालं, १९८९ साली जगाने ते वाचलं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की गावातल्याच बाईला शिकवलं तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात, आणि आज देशभर आशाताई घरी जाऊन बाळ बघतात ते त्यावरूनच. यातलं काहीही मुंबईच्या आठव्या मजल्यावर बसून सुचलं नसतं, कारण तिथे तो पेशंट पोचतच नव्हता. पण ही माणसं असामान्य होती. माझं म्हणणं एवढंच की साधा प्रश्न नीट विचारायला माणूस असामान्य असावा लागू नये, साध्या डॉक्टरलाही ते करता यावं.

पाचवं, धोरणाचं. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की पीजीच्या एक चतुर्थांश जागा पब्लिक हेल्थ आणि फॅमिली मेडिसिनला राखण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं. २०१७ च्या धोरणातही एमडी फॅमिली मेडिसिन वाढवायचं म्हटलंय. केरळात कालिकतच्या सरकारी मेडिकल कॉलेजने हा कोर्स सुरू केला त्याला दहा वर्षं होऊन गेली. मग आपल्या राज्यातल्या प्रत्येक सरकारी कॉलेजमध्ये फॅमिली मेडिसिनचा विभाग का नाही? एमबीबीएसच्या पोरांना आता कुटुंबं दत्तक देतात, ते मला मनापासून आवडलंय. पण त्या कुटुंबाला तीस वर्षं ओळखणारा डॉक्टर त्याच गल्लीत असतो, त्याच्याकडे त्या पोराला महिनाभर बसवायचं कुणाला का सुचत नाही? आमच्या कपाटात सासूचा, सुनेचा आणि नातवाचा केसपेपर एकाच फाईलला लावलेला आहे. सासूला शुगर कधी निघाली, सुनेला बाळंतपणात निघाली होती का, नातवाचं वजन कसं वाढतंय, हे सगळं एकाखाली एक.

या ओळखीचं काय मोल असतं तेही मोजलेलं आहे, फक्त दुसरीकडे. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की डॉक्टरशी एकच वर्ष ओळख असलेल्यांपेक्षा १५ वर्षांहून जास्त काळ तोच डॉक्टर असलेल्यांमध्ये ॲडमिट व्हायचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. नॉर्वे वेगळा, बीड वेगळं, मान्य आहे मला. म्हणूनच तर म्हणतेय की बीडमध्ये मोजू द्या.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते म्हणजे गैरसमज नको. मला एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची, अडचण नाहीये. उलट हवीच आहे. आमचे पेशंट आमच्यावर इतका विश्वास टाकतात की कुठे सही करायची विचारतात, का ते विचारत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूने कुणीतरी त्रयस्थ बघायलाच पाहिजे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जायची वाट कागदावर आहे. पण त्या वाटेने एकटा दवाखाना कसा जाणार, करार कुणी कुणाशी करायचा, फी किती, उत्तर किती दिवसांत, हे आम्हाला सांगणारं कुणी नाही.

तर मागण्या या आहेत.

जिल्ह्यातल्या नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीने प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे प्रस्ताव घेतलेच पाहिजेत असा लेखी आदेश काढा. साठ दिवसांत उत्तर, नाही म्हणायचं असेल तर कारणासकट, आणि कमी धोक्याच्या अभ्यासांना फी नको.

राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आणि एमडीच्या जागा कधीपर्यंत होणार याचं वेळापत्रक जाहीर करा. सगळीकडे एकदम नको, पण कुठल्या वर्षी कुठे ते सांगा. आणि त्या विभागात शिकवायला निदान काही तरी माणसं अशी घ्या ज्यांनी दहा-पंधरा वर्षं दवाखाना चालवलाय.

पीजीच्या पोरांच्या थीसिसपैकी काही तरी दवाखान्यात, आरोग्य केंद्रात किंवा सरकारच्या 'आपला दवाखाना' योजनेतल्या दवाखान्यात व्हायलाच हवेत अशी अट घाला. थीसिस तर दरवर्षी लिहावाच लागतो, मग त्यातले काही विषय आमच्या बाकड्यावरून घ्या. विषय द्यायला मी तयार आहे, आत्ता बसून वीस देते.

प्रत्येक जिल्ह्यात वीस-पंचवीस दवाखान्यांचं नोंद जाळं उभं करा, खाजगी आणि सरकारी दोन्ही. वर्षातून ठरावीक दिवस एक पानाचा फॉर्म, मराठीत, नाव-गाव न लिहिता. डेटा एंट्रीला एक माणूस द्या. आमच्याकडे नाहीये तो, हे खरंच सांगते, रात्री साडेदहाला दवाखाना बंद करून कम्प्युटरवर बसायची ताकद उरत नाही.

आयसीएमआरने फॅमिली डॉक्टरांसाठी छोटं अनुदान ठेवावं. लाखो रुपये नकोत. आमच्या अभ्यासाला वह्या, फोनचा रिचार्ज, दोन चांगली बीपी मशिनं आणि आकडेमोड शिकवणारा कुणीतरी, एवढंच लागणार होतं.

आणि जे काही निघेल ते मराठीत आम्हाला परत पाठवा. ज्यांनी नोंदी दिल्या त्यांना निकाल कळलाच पाहिजे, आणि पेशंटनासुद्धा, त्यांनाही उत्सुकता असते. आमच्या त्या बाईने मला मध्यंतरी विचारलं, आता तिचं बोलणं बरंच सुधारलंय, की मॅडम, माझ्या अर्ध्या गोळ्यांचं तुम्ही कुठं सांगितलं का? मी म्हणाले सांगतेय.

आम्ही पाचही डॉक्टर प्रस्ताव परत पाठवायला तयार आहोत, त्यात हव्या त्या दुरुस्त्या करायलाही तयार आहोत. मावशींनी वह्यांना कव्हरं घालून ठेवलीत. पहिल्या पानावर नाव, गाव, मुकादमाचा फोन आणि कारखाना एवढे रकाने आखून झालेत. दिवाळीच्या आसपास ट्रक भरायला लागतात आणि एकदा का लोक निघाले की पुढचे सहा महिने कुणी हाती लागत नाही. त्या आधी, हो किंवा नाही, पण वाचून उत्तर द्या.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक फॅमिली डॉक्टर